बंपरवरचे खड्डे

नागसेन आला आणि बंपरवर खड्डे आले.

नागसेन आला म्हणून...

नको. एवढंच खरं धरू : आधी तो आला, मग खड्डे.

लातुरात औसा रोडला माझं दुकान आहे. गाड्यांचे बंपर, आरशांची कव्हरं, असले प्लास्टिकचे भाग रंगवतो. वीस वर्षं घासणं, पुसणं, रंगाची गन मारणं सगळं एकट्यानं केलं. दोन महिन्यांपूर्वी चाकूरचा नागसेन ठेवला. घासून थिनरनं पुसायचं त्यानं, गन माझी.

तेव्हापासून ओला रंग जागोजागी मागं सरतो आणि मोहरीएवढे गोल खड्डे उरतात.

संशय : कंप्रेसरमधलं पाणी. फिल्टर बदलला. खड्डे.

संशय : प्रायमर. नवा डबा फोडला. खड्डे.

संशय : नाव लिहीत नाही.

बायको सिद्धम्मा म्हणाली, "तेलानं होतंय म्हणता, मग त्यो डोक्याला लई तेल लावत असंल."

"टक्कल हाय त्याला."

"मग टकलाला लावत असंल."

रविवारी नागसेन सुट्टीवर. एक कव्हर मीच पुसलं, मीच रंगवलं. स्वच्छ आलं. आणखी काय पुरावा पाहिजे? सोमवारी त्याला काढायचं.

तरी सोमवारी खिडकीआडून पाहिलं. हातमोजे, ओलं फडकं, कोरडं फडकं. उघडं बोटसुद्धा लावलं नाही. म्हणजे हुशार आहे.

मी देवापुढं दिवा लावून आलो. नेहमीसारखी तीन बोटं भस्माच्या पट्ट्यांगत बंपरवर आडवी ओढली, शिवाचं नाव घेतलं, गन मारली.

खड्डे.

"नागसेन, उद्यापासून येऊ नको."

"का मालक?"

"तूच तेल लावायलास."

त्यानं लोंबत्या बल्बची वायर ओढली, उजेड तिरपा धरला. "नीट बघा की."

खड्डे तीन ओळींत होते. आडवे. बोटांएवढ्या अंतरानं.

"वात सारून येता, तेल बोटाला तसंच," तो म्हणाला. "एकटे होता तवा बोटं आधी पडत असतील, पुसणं मागून. आता मी पुसतो, मग तुमची बोटं."

रविवारीही मी बोटं आधीच टेकवली होती.

"कवा कळलं तुला?"

"पहिल्याच आठवड्यात."

"मग बोलला का न्हाई?"

"तुमच्या पूजेच्या हातात खोट हाय, हे मी सांगायचं?" त्यानं बल्ब खाली ठेवला. "बोटं आधी टेकवा. मी मागून पुसतो. पण शिवाचं नाव घेऊन ओढलेलं मी पुसलेलं चालंल का, तेवढं सांगा."

वडील असते तर काय म्हणाले असते, ते मला माहीत आहे. नागसेनच्या समाजातल्या माणसाचा पेला ते वेगळा ठेवत.

दुसऱ्या बंपरवर तीन बोटं ओढली. थिनरचा डबा त्याच्या हातात दिला आणि बाजूला झालो.

तो लगेच वाकला नाही. डबा धरून माझ्या तोंडाकडं बघत उभा राहिला. मी मान हलवली, तरी बघतच होता.