आठ दिवसांचं ऊन

"थांब! एक थेंब जरी सिंकमध्ये गेला तर बघ," मी अजयवर ओरडले. मुलगा पन्नाशीला आला, साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, पण घाई तीच.

"आई, कलर बघ ना. विटकरी झालीय, खाली गाळ बसलाय. संपली ही वाइन."

"लिंबाचं लोणचं काळं पडलं की बोटं चाटतोस. तेव्हा नाही संपत?"

माझी शाळा चौथीपर्यंत. पण मुरणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये.

ही बरोलो वाइनची बाटली शेजारच्या पिनाने दिलेली, नात तनया जन्मली तेव्हा. पिना इटलीची. इंग्रजी दोघींचं सारखंच मोडकं. हाताने उंची दाखवून म्हणाली होती, पोरगी एवढी झाली की उघड. आत्ता प्यालीस तर तोंड आखडेल. मीही तिला ताजं घातलेलं लोणचं दिलं आणि तेच बजावलं.

मग बाटली मी माझ्या बरणीशेजारी खिडकीत उन्हाला ठेवली. मुरायचं तर ऊन नको? आठव्या दिवशी पिनाने कुंपणावरून पाहिलं आणि ओल्या हातांनी धावत आली. बाटली उचलून जिन्याखालच्या अंधारात आडवी निजवली. मी हसण्यावारी नेलं. पण एकवीस वर्षं टोचत राहिलं, माझ्याच हाताने नासली असेल तर?

आज तनया पिनाला हाताला धरून घेऊन आली. पिना आता नव्वदीची, डोळे गेलेले. सुनेने ग्लास मांडले.

"आजी, हा स्मेल रोजेससारखा आहे!" तनया ग्लास हुंगत म्हणाली.

मी आयुष्यात थेंब घेतला नाही, पण नाक माझं आहे. "गुलकंद. आणि नव्या रस्त्याचं डांबर."

पिनाने घोट घेतला. मग सावकाश ग्लास संपवला. मला राहवलं नाही.

"पिना, दॅट सन... एट डेज... माय फॉल्ट."

आयुष्यात पहिल्यांदा चूक कबूल केली, तीही सुनेदेखत.

"सन?" पिना खो खो हसली. "व्हॉट सन? धिस इज इंग्लंड!" आणि रिकामा ग्लास पुन्हा पुढे केला.

मग पिशवीत चाचपून तिने बरणी काढली. माझं लोणचं, काळंभोर. फडक्याची गाठ माझ्याच हातची, एकदाही न सुटलेली.

माझी बोटं आता वाकडी झालीत. गाठ सुटेना. अजय कात्री आणायला उठला.

"बस खाली," मी म्हटलं. "एकवीस वर्षं थांबलंय ते. अजून पाच मिनिटं थांबेल."