बाहेरून लिंपलेलं दार

दहाव्याच्या सकाळी कावळा शिवेना.

शारजात कावळ्यांना तोटा नाही. अल मजाजमधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर ते रोज डिश अँटेनांवर बसतात, खालच्या पाण्याकडे बघत. त्या दिवशीही बसले होते. कठड्यावर केळीच्या पानात बाबांचा पिंड होता आणि एकही जागचा हलत नव्हता.

विधी शैलेंद्रकाका सांगत होते. ते बँकेत नोकरीला. सुट्टीच्या दिवशी इथल्या मराठी घरांतल्या पूजा, मुंजी आणि असली कामं करायचे. बाबांना मुलगा नव्हता, म्हणून मी बसले होते.

"वहिनी, काही राहिलं असेल त्यांच्या मनात. बोलून बघा," काका म्हणाले.

आईनं हात जोडले. "आपल्या अनुपमाचं लग्न मी करून देईन हो. काळजी करू नका." कावळे बसूनच. "ठाण्याची जागा विकणार नाही." एकानं पंख झटकले, तेवढंच.

"वहिनी, इथल्या कावळ्यांना मराठी कुठनं कळायची?" मागून खैरुद्दीनचाचा म्हणाले. "अरबीत यल्ला हबीबी म्हणा."

आई हसली आणि हसता हसताच तिला रडू फुटलं.

खैरुद्दीनचाचा रत्नागिरीकडचे. बाबांना कामासाठी एका बेटावर नेणारी लाँच तेच चालवायचे. बाबा ड्राफ्ट्समन होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, हिवाळ्यात, त्यांची कंपनी त्यांना उत्खनन करणाऱ्या इंग्रजांच्या एका तुकडीकडे नकाशे काढायला पाठवायची. पश्चिमेकडच्या त्या बेटावर वाळूखालून एक मठ निघाला होता. ख्रिस्ती साधूंचा, तेराशे वर्षांपूर्वीचा. मधे चर्च, भोवती अंगण, अंगणाभोवती खोल्या. प्रवाळी दगडाच्या भिंती, त्यांवर गिलाव्यात उठवलेले क्रूस.

इंग्लंडमधल्या मठांबद्दल मी वाचलं होतं. राजानं ते बंद केले, छपरांवरचं शिसं काढून वितळवलं, दगड गावकऱ्यांनी आपापल्या गोठ्यांना लावले. मठ मरतो तेव्हा त्याला कुणीतरी मारलेलं असतं, अशी माझी समजूत होती. मी तसं बाबांना विचारलंही.

"इथे कुणी मारलेलं नाही," ते म्हणाले. "जळल्याची खूण नाही, तोडफोड नाही. भोवतालचा किनारा मुसलमान झाला, तरी यांना कुणी हात लावला नाही. फक्त नवीन माणूस यायचा बंद झाला. एकेक म्हातारा गेला, एकेक खोली रिकामी झाली."

तिसऱ्या हिवाळ्यात एक खोली सापडली. तिचं दार दगडांनी बंद केलेलं होतं. आत एक माणूस होता, छातीवर हात ठेवून नीट झोपवलेला. गिलावा बाहेरून होता आणि त्यात कुणाची तरी बोटं उमटली होती. ती बोटं बाबांनी मोजमापासह कागदावर काढली. वाकडी होती, म्हाताऱ्या हाताची. त्यानंतरची खूण कुठेच नव्हती. ज्यानं ते दार लिंपलं, तो शेवटचा.

"मग त्याचं कुणी केलं असेल, अनु?" बाबांनी मला विचारलं. बेट सगळं पालथं घातलं होतं. तो सापडला नव्हता.

तेव्हापासून तो आमच्या घरात आला, असं आई म्हणायची. बाबा जेवताजेवता थांबायचे. रिकाम्या खोलीत कुणी खोकल्यासारखं वाटून उठून बघायचे. मलाही एकदा दुपारी पॅसेजमध्ये ओल्या गिलाव्याचा वास आला. मी खिडक्या लावून घेतल्या आणि कुणाला बोलले नाही. हॉस्पिटलमध्ये, बोलणं बंद व्हायच्या आधी, बाबा तेच म्हणत होते: त्याचं कुणी केलं?

काकांनी घड्याळ बघितलं. "ऊन चढलंय. प्रॅक्टिकली बोलायचं तर दर्भाचा कावळा करून लावू. चालतं शास्त्रात."

"काका, भात उरलाय ना? आणखी एक पिंड ठेवायचाय."

"कुणाचा?"

मी सांगितलं. आईचा चेहरा बदलला.

"नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं त्यानं माझ्या घरात काढली. घरी येऊनसुद्धा हे तिकडेच असायचे. आणि आता यांच्या दहाव्यालाही तोच? ख्रिस्ती माणूस तो, त्याच्या लोकांनी केलं असेल काय ते."

"त्याचे लोक उरलेच नव्हते, आई."

खैरुद्दीनचाचा म्हणाले, "वहिनी, आमच्यात जनाजा जाताना दिसला तर रस्त्यानं जाणारासुद्धा चार पावलं खांदा देतो. कोण, कुठला, विचारत नाही."

भाताचं पातेलं आईजवळ होतं, ते तिनं माझ्याकडे सरकवलं.

"ज्याचं कुणी नाही त्याला धर्मपिंड असतो," काका म्हणाले. "नाव? गोत्र?"

"माहीत नाही."

"मग अज्ञात म्हणू."

मी पिंड वळला आणि बाबांच्या पिंडाजवळच ठेवला. आम्ही मागे झालो. वारा पडला होता. अँटेनेवरून एक कावळा उतरला, कठड्यावरून चालत आला, बाबांच्या पानाजवळ थांबला, ते ओलांडून पुढे गेला. अज्ञाताच्या पिंडाला त्यानं चोच लावली, घास उचलला आणि उडून गेला.

बाबांचा पिंड तसाच.

काकांनी दर्भ हातात घेतला.

"थांबा," आई म्हणाली.

ती कठड्यापाशी गेली. हात जोडले नाहीत. घरात बोलायची त्याच आवाजात बोलली. "जेवला तो. बघितलंत ना? त्याच्या मागे कुणी नव्हतं म्हणून तुम्ही आजवर थांबलात. पण तुमच्या मागे मी आहे, अनु आहे. तुम्ही शेवटचे नाही." तिनं पानाची दुमडलेली कड सरळ केली. "आता माझं ऐका."

कावळा परत आला. तोच की दुसरा, कोण जाणे. आई कठड्याला लागून उभी होती, तरी तो बिचकला नाही. त्यानं बाबांच्या पिंडाला चोच लावली, आणि पुन्हा लावली.

आईनं पदर डोक्यावरून घेतला.

"सावकाश होऊ द्या," ती म्हणाली.