चार्ज घेताना

समीक्षाच्या बाबांचे सगळे शब्द फेब्रुवारीत गेले. झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, आणि दवाखान्यातून वरसेला घरी आणलं तेव्हा त्यांच्यापाशी एकच शब्द उरला होता. चार्ज. तहान लागली तरी चार्ज, पंखा बंद करायचा असला तरी चार्ज. असं होतं, डॉक्टर म्हणाले. एखादा शब्द तळाशी राहून जातो. त्याला अर्थ नसतो, तुम्ही शोधत बसू नका.

समीक्षा अकरा वर्षं पेणच्या शाळेत इंग्रजी शिकवत होती. या शब्दाला अर्थ नाही, हे तिला पटणं शक्य नव्हतं. उलट त्याला फार अर्थ होते. शनिवारी वरसेला आली की ती खाटेशी बसून शब्दकोश उघडायची आणि एकेक अर्थ मोठ्याने वाचायची. शुल्क. विजेचा भार. बॅटरी भरणं. तोफेत दारू ठासणं. टाकीत माल ओतणं. चाल करून जाणं. ताबा. जबाबदारी. आरोप. मग त्यांचे पर्याय: सुपूर्दगी, हवाला, ठपका. बाबा छताकडे बघत ऐकायचे. 'ताबा'ला त्यांचा डावा हात चादरीवर हलला. 'आरोप'लाही हलला, पण तेव्हा हातावर माशी बसली होती.

"वाच गो, वाच," आई दारातून म्हणायची. "जन्मभर माझ्याशी धड चार वाक्यं बोलले नाय. आता एक शब्द हाय तर तू त्याची पोथी केलीस."

आईसाठी तिने कपाटावर कागद चिकटवला. हळू म्हणाले तर पाणी, लागोपाठ दोनदा म्हणाले तर भांडं, डोळे मिटून म्हणाले तर पाठ दुखतेय. आईला तो कागद उपयोगी पडला. फक्त दुपारी अडीचचा चार्ज कशातच बसेना. अडीच वाजले की बाबा उठू बघायचे. दाराकडे मान वळवून ओरडायचे, घसा सुकेपर्यंत.

"तीनला शिफ्ट सुटायची," आई म्हणाली. "सवय हाय, दुसरं काय?"

समीक्षाला एकदम उलगडल्यासारखं झालं. बाबांच्या कारखान्यात रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, हा नियम ती लहानपणापासून ऐकत आली होती. जाणाऱ्याने चार गोष्टी तोंडाने सांगायच्या: वाफ, पाणी, पंप, आणि टाकीच्या आत कोण आहे. येणाऱ्याने त्या जशाच्या तशा म्हणायच्या, रजिस्टरवर सही करायची. झाला चार्ज. बाबांना सुटायचं होतं आणि कोणी चार्ज घ्यायला येत नव्हतं.

इद्रीसचाचा एकोणीस वर्षं त्यांचा रिलीव्हर होता. तिने फोन केला. तो आधी नको म्हणाला, मग रविवारी अडीचला आला. खाटेजवळ खुर्ची ओढून बसला.

"काय रं नाथा, दाढी कोण करतो तुझी? मस्त केलीय. आता निकाह लावू तुझा."

आई तोंडाला पदर लावून हसली. बाबा हसले नाहीत. "चार्ज," ते म्हणाले.

"बरं, दे. वाफ बंद. पाणी चालू. पंप दोन नंबर." चाचा थांबला. बाबांची नजर त्याच्या ओठांवर होती. "आत कोणी नाय," चाचा म्हणाला. "घेतला चार्ज. जा घरी."

बाबांनी त्याचं मनगट पकडलं. एका हातात इतका जोर उरला असेल असं समीक्षाला वाटलं नव्हतं. "चार्ज! चार्ज!" ते चाचाचा हात खाली ओढत होते, फरशीकडे, जणू तिथे भोक होतं.

"सोड," चाचा म्हणाला. "नाथा, सोड रं."

त्याने मनगट सोडवून घेतलं आणि चप्पल न घालताच अंगणात गेला. समीक्षा त्याची चप्पल घेऊन मागे गेली.

"आत कोण होतं, चाचा?"

चाचाने चप्पल तिच्या हातातून घेतली, पण घातली नाही.

"शिवा," तो म्हणाला. "धोंडुबाईचा पोरगा. टाकी साफ करायला उतरलेला. आम्ही सगळेच रजिस्टरवर आदल्या दिवशी सही करून ठेवायचो, पोरी. रोज कोण थांबणार? त्या दिवशी पुलावर पाणी आलं, मी पलीकडे अडकलो; रजिस्टरवर माझी सही मात्र झालेली. नाथाला वाटलं, मी गेटवर असेन. तो अडीचला उठला. घरी जाऊन कागद घ्यायचे होते, पेणची गाडी धरायची होती."

"कसले कागद?"

"तुझे. तू घरी विसरलेले. तुझी मुलाखत होती ना शाळेत?"

तिला भिजलेला सदरा आठवला, आणि प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली कोरडी फाइल. बाबा शाळेच्या पायरीवर उभे होते, धापा टाकत. वेळेत आलो ना, म्हणाले होते.

"मी पोचलो तोवर शिवाला बाहेर काढलेला, मेलेला," चाचा म्हणाला. "आत माणूस हाय हे सांगायला खुर्चीवर कोणी नव्हतं. उतरायच्या परवान्यावर नाथाची सही होती. मी तो फाडला. मग आम्ही दोघांनी लिहून दिलं, शिवा दारू पिऊन, कोणाला न सांगता उतरला. तो पीत नव्हता. कधीच नाय." त्याने चप्पल घातली. "मला नातवंडं हायत, समीक्षा."

दुसऱ्या दिवशी तिने शाळेत रजा कळवली. अडीचला ती त्याच खुर्चीवर बसली.

"वाफ बंद," ती म्हणाली. "पाणी चालू. पंप दोन नंबर. आत एक माणूस आहे. शिवा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. रडले नाहीत. मूठ सुटली आणि हात चादरीवर उताणा पडला. त्यानंतर ते तो शब्दही बोलले नाहीत. पाणी मागितलं नाही, दिलेलं प्यायले नाहीत. शुक्रवारी सकाळी गेले. इद्रीसचाचा तिरडी उचलेपर्यंत रस्त्यावरच उभा राहिला, अंगणात आला नाही.

तेरावं झालं, आणि पेणला परतताना समीक्षा नागोठण्याच्या अलीकडे, शिवाच्या गावी, एस्टीतून उतरली. धोंडुबाईचं घर विचारावं लागलं. "त्या दारुड्या शिवाच्या आईचं?" वाटेतल्या बाईने खूण पक्की करून घेतली आणि बोट दाखवलं.

धोंडुबाई ओटीवर वाल सोलत होती. "मास्तरीण काय? मतदार यादीवाली?"

"नाही, मावशी. मी नाथाची मुलगी. वरसेची." पुढचं वाक्य तिने गाडीत अनेकदा जुळवलं होतं, ते आता आठवेना. "शिवा प्यायलेला नव्हता. माझ्या बाबांनीच त्याला उतरवलं आणि ते खुर्ची सोडून गेले. माझ्यासाठी."

म्हातारीचे हात थांबले. तिने सूप बाजूला सरकवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली.

"तो प्यायला नव्हता, हे त्याच्या आईला सांगतेस?" ती म्हणाली. "थांब हितंच. हलू नको."

ती अंगणातून खाली उतरली आणि शेजारच्या दारावर थाप मारली, मग त्याच्या पुढच्या. "बाहेर या," ती ओरडत होती. "सगळी बाहेर या. काय सांगते ती ऐका." समीक्षा ओटीपाशी उभी राहिली. एकेक दार उघडत होतं.