दाराचं बाक

"पण काका, ही बाकं मुळात दिली कोणी?"

टकळीने विचारलं आणि चर्चमधली कुजबुज पंखा बंद करावा तशी थांबली. वर्षभरापूर्वी या पोरीच्या तोंडून शब्द फुटत नसे. मग शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तिसरी आली आणि अशी सुटली, की घरीदारी तिचं नावच टकळी पडलं. उपासनेनंतरच्या सभेत, सगळ्या मंडळीसमोर हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज शिडी आणि चष्मिस या तिच्या मैत्रिणींनी लावली होती. आता त्या दोघी मागच्या रांगेत माना खाली घालून, हिला कधी पाहिलंच नाही अशा बसल्या होत्या.

काका म्हणजे टाइल्सवाले काका, बांधकाम कमिटीचे अध्यक्ष. चर्चच्या डागडुजीला ज्यांनी मोठी देणगी दिली त्यांच्या नावाच्या पितळी पाट्या बाकांना लागतील, आणि ज्याचं नाव त्या बाकावर त्याचंच कुटुंब बसेल, हे ते नुकतंच सांगून झाले होते. पहिली पाटी त्यांची, दुसऱ्या रांगेत. तिथे टकळीच्या जन्माआधीपासून इस्त्रीवाली मावशी बसायची.

"कोणी म्हणजे?" काकांनी हातातला कागद उलटून पाहिला, जसं काही मागे उत्तर लिहिलं होतं. "जुन्या लोकांनी दिली."

"त्यांची नावं?"

"नावं कोण लिहून ठेवतंय?"

"तेच म्हणते मी."

कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळी मागची रांग हसली. टकळीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. काकांचे कान लाल झाले. पण ते तिच्याकडे बघत नव्हते, तिच्या पप्पांकडे बघत होते. तेव्हा कुठे तिला आठवलं.

त्या पाट्या कोरायचं काम पप्पांचं होतं.

सोमवारी काका दुकानात आले. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत. "रविवारी पोरीने सगळ्यांसमोर माफी मागायची. प्रश्न चुकला म्हणायचं. नाहीतर पाट्या कोरणारे बाजारात दुसरेही आहेत."

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक कोरायचं मशीन, एक पॉलिशचं चाक आणि पडद्यांनाही लागलेला पितळेचा वास. कित्येक महिन्यांत तिथे शाळांच्या बक्षिसांचे कप सोडले तर काही आलं नव्हतं. टकळीची सहलही या पाट्यांवरच अवलंबून होती. चार दिवस, समुद्र, आणि शिडीशी भांडून मिळवलेली खिडकीची जागा.

"हिच्या जिभेला हाड म्हणून नाही," पाट्या गुंडाळायचे कागद कापता कापता आई म्हणाली.

"जीभ तुझ्यावर गेलीय," पप्पा म्हणाले, पण हसले नाहीत.

"आई, प्रश्न चुकीचा होता का?"

"प्रश्न बरोबर होता गं बाई. पण पोट आपलं आहे ना."

आठवडाभर घरात चमचा पडला तरी तिघं दचकायची.

शनिवारी दुपारी पप्पा बाकांची मापं घ्यायला आणि काकांची पाटी लावायला गेले, टॉर्च धरायला टकळीला नेलं. स्क्रू आरपार जायला नको म्हणून फळीची जाडी बघायला ते दुसऱ्या रांगेतल्या बाकाखाली पाठीवर सरकले, आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत.

"पप्पा?"

"आत ये. हात लाव इथे."

वरून गुळगुळीत तपकिरी असलेली फळी खालून हिरवी होती, पोपडे निघालेली. तिच्या कडेला बोटाला जाणवतील इतपत खोल दोन चौकोन होते.

"बिजागरीच्या खाचा," पप्पा म्हणाले. "आणि हे कडीचं भोक. हे दार होतं, बाळा."

मग दोघं रांगत मागच्या बाकाखाली गेले. तिथे पलंगाची फळी निघाली. त्यामागे एका बाकाखाली मुलाने गिरवलेली अक्षरं दिसली, म्हणजे बहुधा टेबल. नाव एकावरही नव्हतं.

"काय हरवलंय बापलेकीचं?" इस्त्रीवाली मावशी वेदीवरची कापडं घेऊन आली होती. पप्पांनी हिरवी फळी दाखवली. ती वाकली, बघितलं, आणि हसली.

"हे चर्च उभं राहिलं तेव्हा कुणाकडे काय होतं? जे घरात होतं ते आणलं. आमच्या घराला दोन वर्षं गोणपाटाचा पडदा होता. मी रडायचे, तर आई म्हणायची, अगं, आपलं दार रोज चर्चला जातं, आपण मेले रविवारीच जातो."

"म्हणजे हे तुमचं दार?"

"काय माहीत. हिरवी दारं तेव्हा पुष्कळांची होती. दिल्यावर कशाला ओळख ठेवायची?" तिने कापडं वेदीवर ठेवली. "पाटी नीट सरळ लाव रे. वाकडी दिसली तर तुलाच बोलतील."

पप्पांनी पाटी लावली नाही. खिशातून पेचकस काढला आणि परत ठेवला.

बायबलमधली पहिली मंडळी म्हटली की टकळीला चित्रातले लांब झगे घातलेले लोक दिसायचे. जमीन विकणारे, घरोघरी एकत्र जेवणारे, दूरचे, पवित्र, आपल्यासारखे मुळीच नसलेले. आता तिला गोणपाट दिसत होतं, आणि त्यामागे थंडीत झोपलेली माणसं.

संध्याकाळी आईने तिघांची ताटं वाढली. काकांच्या नावाची पाटी शेजारच्या टेबलावर चकाकत होती.

"उद्याचं माफीचं पाठ झालं का?" आईने विचारलं. पप्पा पाटीकडेच बघत होते.

टकळीने घास ताटात ठेवला. इतक्या लोकांसमोर बोललेली ती, दोघांसमोर मात्र एकेक शब्द जुळवत बोलली.

"उद्या मी उभी राहणार आहे. माझ्यामुळे काकांना लोक हसले, त्याची माफी मागेन, अगदी मनापासून. पण प्रश्न चुकला असं म्हणणार नाही. सगळ्यांना आपापल्या बाकाखाली वाकून बघायला सांगणार. काम गेलं तर जाईल. सहलीला मी येत नाही, असं शिडीला आत्ताच कळवलंय, आणि शाळेतून आल्यावर पॉलिशच्या चाकावर मी बसत जाईन. पप्पा, टॉर्च मी चर्चच्या पिशवीत घातलाय. काकांना गुडघे टेकवायला त्रास होईल, तेव्हा त्यांच्यासाठी तुम्ही धरा."