खाट कुणाची?

कायदा पुरुषांनी केला, म्हणून त्यात खाट आली. आम्हाला विचारलं असतं तर एका ओळीत काम झालं असतं: बाई आहे, मत देईल. पण नाही! वीस वर्षं घसा फोडून ओरडलो तेव्हा कुठे ही मंडळी हलली, आणि हलली तीही अर्धीच. तिशी ओलांडलेल्या बाईला मत, पण ती घरमालकीण हवी, नाहीतर घरमालकाची बायको. भाड्याच्या खोलीत राहत असेल तर खोलीतलं सामान तिच्या मालकीचं हवं. थोडक्यात, दुसऱ्याच्या खाटेवर झोपणाऱ्या बाईला अक्कल नसते.

आणि मी दादाच्या खाटेवर झोपत होते. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आईवडील गेल्यापासून मी त्याच्याच घरी, स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत राहायचे. दिवसभर छत्र्यांच्या कारखान्यात काड्यांवर कापड शिवायचं आणि संध्याकाळी सभा नाहीतर मोर्चा. मोर्चाचे फलक मी छत्रीच्या उरलेल्या कापडाचे शिवायचे, त्यामुळे आमच्या घोषणा पावसात कधी भिजल्या नाहीत. दोनदा पोलिसांनी उचलून नेलं. दोन्ही वेळा वहिनीच डबा घेऊन चौकीवर आल्या. "वन्सं, कशाला नसत्या उठाठेवी?" डबा पुढे करत त्या म्हणाल्या. "मत मिळालं म्हणजे भांडी आपोआप घासली जाणार आहेत का?"

आता त्याच वहिनींना मत मिळालं, कारण घर दादाच्या नावावर. मला ठेंगा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा असा. मी ते त्यांच्या तोंडावर म्हटलंसुद्धा. पोळी लाटता लाटता त्या म्हणाल्या, "मग घ्या की माझं. मला काय करायचंय?" देता आलं असतं तर त्या माउलीने खरंच दिलं असतं. म्हणून तर भांडताही येईना.

मी घड्याळजीच्या दुकानावरची एक रिकामी खोली बघून आले आणि जेवताना दादाला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"इथे काय कमी आहे तुला?"

"काही नाही. पण जे आहे ते तुझं आहे."

"एका मतासाठी घर सोडणार? लोक म्हणतील, बहिणीला बाहेर काढलं! जायचं तर जा. पण मग या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवायचा नाही."

तो रागाने बोलत होता, पण डोळे भरले होते गाढवाचे. माझेही भरले. मात्र आम्ही दोघं एकाच आईची लेकरं, माघार कोण घेणार? निघताना भाची माझ्या बोचक्याला लटकली. "आत्या, मत घेऊन तू परत कधी येशील?" मी म्हटलं, लवकर.

खोलीसाठी खाट घेतली, टेबल घेतलं आणि दोन खुर्च्या. एक पुरली असती, पण दुकानदाराने "किती माणसं?" असं विचारलं आणि माझ्या तोंडून दोन गेलं. मतदारयादीच्या तपासणीचा कारकून आला. त्याने खाट दाबून बघितली.

"ही कुणाची?"

"माझी."

"ही दुसरी खुर्ची?"

"तीही माझीच."

त्याने टिपून घेतलं आणि निघाला. खोटं कशाला बोलू, तो त्या खुर्चीवर घटकाभर टेकला असता तर मला बरं वाटलं असतं.

एकटीचा स्वयंपाक मला कधी जमलाच नाही. हाताला घरभराच्या मिठाची सवय, त्यामुळे भाजी खारट व्हायची, आणि नावं ठेवायलाही कुणी नसायचं. खाली दुकानात घड्याळं टिकटिकत बसायची आणि वर मी भिंतींशी बोलायचे. मैत्रिणींकडे जावं तर आमच्या संघटनेच्या जागेला कुलूप. जिंकलो ना आपण! मग आता जमायचं कशाला? सगळ्याजणी आपापल्या घरी गेल्या. ज्यांना घरं होती त्या.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या आवारात बायकांची ही भलीमोठी रांग लागली होती. मी जाऊन उभी राहिले आणि पुढची बाई वळली, तर वहिनी! दादा फाटकाबाहेर पाठ करून उभा होता.

"वाळलात हो वन्सं," वहिनी म्हणाल्या.

"भाची कशी आहे?"

"तुमच्या खोलीत झोपते. उशी बदलू देत नाही."

मग कितीतरी वेळ आम्ही बोलत होतो. दुधाचे भाव, दादाचा खोकला, शेजारणीचं भांडण. मागच्या बायका ढकलत होत्या, कुणाचं पोर माझ्या पदराला नाक पुसत होतं, वहिनींचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता. रांग पुढे सरकली की मला राग येत होता.

वहिनी आधी पडद्याआड गेल्या, त्या बाहेर येईचनात. कारकून खाकरला. मागून एकजण ओरडली, "आत चूल मांडली की काय बाईने?" सगळ्या हसल्या. शेवटी वहिनी आल्या, डोळे लाल. मी मनात म्हटलं, घाबरली असणार, कधी केलंय का असलं काही! माझं मात्र चुटकीसरशी झालं. वीस वर्षं ज्याच्यासाठी घालवली ते एवढंसं. खूण केली, घडी घातली, पेटीत टाकली.

वहिनी ओट्यावर माझी वाट बघत थांबल्या होत्या.

"एवढा वेळ काय करत होतात आत?" मी विचारलं.

"काही नाही हो. खूण तर लगेच केली. मग नुसती उभी राहिले." त्यांनी डोळे टिपले. "माहेरी आम्ही पाच बहिणी एका खोलीत. लग्न झालं ते भरल्या घरात. वन्सं, तो पडदा ओढला आणि मला कुणी हाकच मारीना! जन्मात पहिल्यांदा. बाहेर यावंसंच वाटेना." आणि माझा हात धरून म्हणाल्या, "तुम्हाला रोज असंच असतं, नाही? सुखी आहात हो."

चौकात उभी राहून मंत्र्यांना शिव्या घातल्या होत्या मी, पण वहिनींना काय सांगणार होते? की मला रांगच जास्त आवडली?

"हो," मी म्हटलं.

फाटकातून दादाने हाक मारली. "आले, आले," म्हणत वहिनी लगबगीने गेल्या. दादाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली.

रांग अजून रस्त्यापर्यंत होती. मी खोलीवर न जाता रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिले. पोलीस जवळ आला.

"बाई, तुमचं मत देऊन झालं ना?"

"झालं रे बाबा. थोडा वेळ उभी राहू दे."