दोंडाईच्याचा निंबा

आमच्या चर्चच्या मंडळीत मी चिंता न करणारा माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. ही प्रसिद्धी मी स्वतःच मेहनतीने पसरवली. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर बुधवारी संध्याकाळी घरसभेत ‘विश्वासी मन, निरोगी मन’ या विषयावर बोलतो आणि रोज सकाळी मंडळीच्या ग्रुपवर उगवत्या सूर्याच्या चित्राखाली चार ओळी टाकतो. भार प्रभूवर टाका, डोकं हलकं ठेवा, अशा धाटणीच्या. त्या टाकून झाल्या की उठून गॅसचं बटण बंद आहे का ते बघतो. मग परत येऊन बसतो आणि पुन्हा बघायला उठतो. दिपमाला, म्हणजे माझी बायको, हे सगळं लग्नापासून बघत आली आहे. मंडळीत ती कुणाला काही सांगत नाही, हा तिचा मोठेपणा.

घरसभा जळगावच्या मेहरूण भागात बेबाबाईंच्या घरी भरते. बेबाबाई मूळच्या धुळ्याकडच्या. नवरा गेल्यावर मुलाकडे जळगावला आल्या, पण बोली तिकडचीच ठेवली. त्यांच्याकडे प्रार्थनेचा एक नियम आहे. विनंती सांगणाऱ्याने नाव सांगायचं आणि गाव सांगायचं. मोघम विनंती त्या घेतच नाहीत. “प्रभूले बठ्ठं माहीत शे,” त्या म्हणतात, “पन आपले माहीत नको का, आपन कोनासाठे रडी ऱ्हायनूत?”

माझी पाळी आली की मी हात जोडून म्हणायचो, “माझी विनंती नाही. फक्त स्तुती.” हे वाक्य मला फार आवडायचं. ते म्हणताना मी मान किंचित खाली घालायचो. आरशात करून बघितलं होतं, बरं दिसतं.

तर एप्रिलात, याच आरशासमोर दाढी करताना, जबड्याखाली हाताला गाठ लागली. बोराएवढी, टणक. मी आरशातल्या विश्वासी मनाकडे पाहिलं आणि अर्धी दाढी तशीच ठेवून डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली, सुई टोचून तपासणीसाठी नमुना घेतला आणि म्हणाले, “काही नसेलही. रिपोर्ट येऊ द्या.” त्या वाक्यातला ‘ही’ तेवढा घेऊन मी घरी आलो.

दिपमालाला सांगितलं नाही. तिला उगाच घोर कशाला, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. सांगितलं असतं तर तिने माझा चेहरा पाहिला असता, आणि तो चेहरा सूर्याच्या चित्राखाली टाकण्यासारखा नव्हता.

बरं, जळगावच्या उन्हाळ्यात गळ्याला रुमाल गुंडाळून फिरणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही. पण मी कूलरसमोर बसूनही रुमाल सोडेना, तेव्हा दिपमालाने विचारलं, “अहो, घसा धरलाय का?” मी घाईने हो म्हणालो. त्या दिवसापासून तिने मला दोन वेळा गरम हळदीचं दूध सुरू केलं. बाहेर डांबर वितळत होतं आणि मी आत कढत दूध पीत बसलो होतो. ते मात्र मी तक्रार न करता प्यायलो.

बुधवार आला. विषय होता भीती. मी फार छान बोललो. इतका अनुभवी वक्ता त्या विषयाला पूर्वी कधी मिळाला नव्हता. मग विनंत्या सुरू झाल्या आणि माझी पाळी आली. हात जोडले, मान खाली घातली, आणि ते नेहमीचं वाक्य सोडून भलतंच बोललो.

“एका बांधवासाठी प्रार्थना करा,” मी म्हणालो. “गळ्याला गाठ आलीय. रिपोर्टची वाट बघतोय. फार घाबरलाय बिचारा. विश्वासात जरा कच्चा आहे.”

शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. पण वर्षानुवर्षांची सवय, सुटत नाही.

“नाव काय शे त्यानं?” बेबाबाईंनी विचारलं.

“निंबा,” मी म्हणालो. कुठून आलं कोण जाणे.

“गाव?”

माझी हयात भूगोल शिकवण्यात गेली. कुणी सहज उठून जाणार नाही इतकं लांबचं गाव मी एका क्षणात शोधून काढलं. “दोंडाईचा.” तिथे जळगावहून थेट गाडी जाते, हे मात्र भूगोलाच्या मास्तरच्या डोक्यात आलं नाही.

बेबाबाईंनी डोळे मिटले. “बापा, दोंडाईचाना निंबाले हात लाव. तो घाबरेल शे. त्याना जोडे कोनी नही व्हई तर तू जाईसन बस.” निंबाच्या जवळ देवाने जाऊन बसावं, हे ऐकून माझे डोळे भरून आले. मला त्या क्षणी त्या म्हातारीच्या पायाशी जाऊन बसावंसं वाटलं. पण प्रार्थना दोंडाईच्याला चालली होती आणि गाठ मेहरूणमध्येच बसली होती.

पुढचे दिवस मी निंबाचा हेवा करण्यात घालवले. ग्रुपवर माझ्या सूर्याला एखाददुसरा अंगठा मिळायचा. निंबाला जोडलेल्या हातांच्या रांगाच्या रांगा. गीतं गाणाऱ्या पुनमने त्याच्यासाठी उपास धरला. माझ्यासाठी आजवर कुणी उपास धरला नव्हता. धरणार तरी कसा, मी स्तुतीशिवाय काही मागितलंच कुठे होतं? लोक चौकशी करायचे आणि मी निंबाचा संसार वाढवत न्यायचो. त्याला बायको दिली, दोन मुली दिल्या, स्वभावाने जरा हेकट केला. मग घरी येऊन देवाला समजावायचो की, निंबाच्या नावाने जे काही येत असेल ते कृपा करून इकडे वळवावं. भाडेकरू बदलल्यावर पोस्टमनला सांगतात ना, तसं. शेकडो प्रवचनं दिलेला माणूस मी, आणि देवाला माझा पत्ता सापडेल की नाही याची मला चिंता लागली होती.

रविवारी उपासना संपली आणि बेबाबाई उभ्या राहिल्या. “माणूस तठे एकला घाबरी ऱ्हायना,” त्या म्हणाल्या, “आनि आपन आठे बशीसन नुसतं आमेन आमेन करतस. चाला, दोंडाईचाले जाऊत.”

मंडळीने एका आवाजात होकार दिला. मी म्हणालो, निंबा कुणाला भेटत नाही. “मंग तर जानंच पडी,” बेबाबाई म्हणाल्या. मी म्हणालो, तो बहुतेक सुरतेला गेलाय. “मंग त्यानी बायकोले भेटसूत.” ती बायको मीच दिलेली होती, आता तिलाही सुरतेला पाठवणं बरं दिसलं नसतं.

मंगळवारी सकाळी सगळे जळगाव स्टेशनवर. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा, आणि बेबाबाईंच्या मुलाने सावद्याहून खास निंबासाठी आणलेली केळी. दिपमालाने निंबाच्या मुलींसाठी खाऊ बांधून घेतला होता. ते पुडकं पाहून मला स्वतःची खरोखर लाज वाटली. तरी माझा बेत ठरलेला होता: वाटेत अमळनेर आलं की पोट धरायचं आणि उतरायचं.

तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यातून. “सर, रिपोर्ट आलाय. आज या. आणि येताना घरचं कोणीतरी बरोबर आणा.”

शाळेत मी पोरांना ‘उद्या पालकांना घेऊन ये’ असं सांगायचो, तेव्हा बातमी कधीही चांगली नसायची. मी फोन खिशात ठेवला. समोर ही सगळी माणसं, केळ्यांची फणी सांभाळत, माझ्या खोट्या माणसाला धीर द्यायला निघालेली. मी गळ्यातला रुमाल सोडला.

“दोंडाईच्याला जायला नको,” मी म्हणालो. “निंबा म्हणजे मीच.”

पुनमने आदराने मान डोलावली. तिला वाटलं, सर दृष्टांत सांगताहेत. दिपमाला मात्र पुढे आली. तिने गाठीवर बोट ठेवलं आणि लगेच मागे घेतलं, चटका बसल्यासारखं.

“मी हळदीचं दूध पाजत बसले,” ती म्हणाली. “वेड्यासारखी हळदीचं दूध पाजत बसले! बायकोला सांगायचं नाही? तुमचा निंबा माझ्यापेक्षा जवळचा?” ती रडत होती, आणि रागाने तिचा आवाज फाटला होता. विश्वासावर, धीरावर, शांतीवर माझ्याकडे ढीगभर वाक्यं होती. त्यातलं एकही तिच्यापुढे ठेवता येईना.

“मला फार भीती वाटतेय गं,” मी म्हणालो. बाकी काही नव्हतंच माझ्याकडे.

गाडी आली आणि गेली. बेबाबाईंनी माझ्याकडे खालून वर नीट पाहिलं. मला वाटलं, आता हजेरी घेतात. त्यांनी फक्त भाकरीचा डबा उचलला. “दवाखाना कोठे शे? चाला बठ्ठा.”

दवाखान्यात डॉक्टरांनी केबिनमध्ये शिरलेला घोळका पाहिला. “सर, मी घरचं कोणीतरी म्हणालो होतो.”

“आम्ही बठ्ठा घरनाच शेतस,” बेबाबाई म्हणाल्या आणि तिथल्या एकुलत्या खुर्चीवर बसल्या.

गाठ साधी नव्हती. काढावी लागणार होती, आणि काढल्यावर पुढे काय ते ठरणार होतं. डॉक्टर वेळेवर आलात म्हणाले, आशा आहे म्हणाले, पण शब्द काही दिला नाही. धुळ्याच्या इस्पितळात ऑपरेशन ठरलं. बाहेरच्या बाकावर बसून आम्ही निंबाची केळी खाल्ली. दिपमालाने सोलून माझ्या हातात दिली, पण माझ्याशी बोलली नाही. पुडक्यातला खाऊही मलाच संपवावा लागला.

धुळ्याला निघायच्या आधीच्या बुधवारी घरसभेत मी बोललो नाही. कुणी बोल म्हणालंही नाही, याचं थोडं वाईट वाटलं. विनंत्या सुरू झाल्या तशी बेबाबाईंनी पहिली स्वतःची सांगितली. “दोंडाईचाना निंबासाठे.”

“बेबाबाई, अहो निंबा नाहीये,” मी म्हणालो. “मी बनवला तो.”

“तुमले काय माहीत? एवढं मोठं गाव. कोनी ना कोनी निंबा व्हईच तठे. त्याले बी गाठ व्हई. तो बी कोनले सांगत नही व्हई.”

सगळ्यांनी निंबासाठी प्रार्थना केली. मीही केली. कुठल्यातरी घरात गळ्याला रुमाल गुंडाळून बसलेला तो माणूस मला दिसला आणि पहिल्यांदाच मला त्याचा हेवा वाटला नाही.

मग माझी पाळी. ‘फक्त स्तुती’ जिभेपर्यंत येऊन बसलंच होतं. मी ते गिळलं.

“माझी एक विनंती आहे.”

बेबाबाई मला किती वर्षं ओळखतात! तरी त्यांनी नियम मोडला नाही. “नाव काय शे?”

“प्रेमराज.”

“गाव?”

“जळगाव. मेहरूण. इथलंच, मागच्या गल्लीतलं घर.”

“काय व्हयनं त्याले?”

“फार घाबरलाय,” मी म्हणालो. “आणि विश्वासात जरा कच्चा आहे.”

बेबाबाईंनी डोळे मिटले. दिपमाला सरकून माझ्याजवळ आली आणि तिने माझा हात धरला.