चौकटीला पाजलेलं तेल

लिफ्टचं दार उघडलं आणि विनिताच्या नाकात वास शिरला. ओळखीचा, जन्मापासूनचा. तिचे बाबा महिपत होडी काठावर ओढली की आधी घासायचे आणि मग लाकडाला मुशी माशाचं तेल पाजायचे, त्या तेलाचा. फक्त आता ती खाडीकाठच्या कोळीवाड्यात नव्हती, शीळफाट्याजवळच्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर उभी होती. वास येत होता तो तिच्याच नव्या फ्लॅटमधून, आणि रविवारी तिथे वास्तुशांत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दारांच्या चौकटी, खिडक्यांभोवतीच्या पट्ट्या, भिंतीखालची लाकडी किनार, सगळं तेल पिऊन काळपट पडलेलं. काम म्हणावं तर चोख होतं. पॉलिश पेपरने लाकूड असं घासलेलं की हात फिरवत राहावा, खिळ्यांची भोकं बुजवलेली, कोपरे साफ. घासायला तिनेच सांगितलं होतं. "बाबा, नुसतं घासा आणि लांबी भरा, पुढचं पेंटर करेल," असं तिने तीन वेळा बजावून सांगितलं होतं. पण महिपतचा हात तो. लाकूड घासलं की तेल पाजायचं, हे त्या हाताला कुणी सांगावं लागत नाही, आणि नको म्हटलं तर ऐकूही येत नाही.

पेंटर काळुरामने बोट फिरवलं, हुंगलं आणि डबा खाली ठेवला. "मॅडम, यावर प्रायमर टिकणार नाही. सोड्याच्या गरम पाण्याने घासून काढा. वाळलं तर बघू." एवढं बोलून तो निघूनही गेला.

विनिताने तिथल्या तिथे फोन लावला. महिपत खुशीत होता. "बगितलास? लाकूड पार कोरडा होता, पोरी. तेल पाजला, आता काय व्हत नाय त्याला."

"बाबा, घर आहे हे, होडी नाही," ती ओरडली. "सगळं घर घाण करून ठेवलंत. वासाने उभं राहवत नाहीये. लोक काय म्हणतील मला? आता पाय ठेवू नका इथे."

 पलीकडून फोन बंद झाला. तिला वाटलं, बरं झालं, एकदा कळायलाच हवं होतं.

संध्याकाळी नवरा, संदेश, आईला घेऊन घर बघायला आला. सासूबाई साताऱ्याकडच्या, बोलायला गोड. त्यांनी पदर नाकाला लावला तो शेवटपर्यंत काढला नाही. सगळ्या खोल्या फिरून झाल्यावर त्या म्हणाल्या, "विनिता, राग मानू नकोस हं. रविवारी तुझ्या वडिलांना संध्याकाळी जेवायलाच बोलवू या. सकाळी गुरुजी असतात, आमची माणसं असतात. त्यांनाही अवघडल्यासारखं होईल."

विनिताने संदेशकडे पाहिलं. तो खिडकीच्या पट्टीवर नखाने तेल खरवडत होता. "आई बोलतेय त्यात पॉइंट आहे गं. एक दिवसाचा प्रश्न आहे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी या माणसाची मान आईपुढे हलते ती एकाच दिशेने. विनिताचा संताप असा उसळला की काळुराम ठेवून गेलेला डबा उचलून आपटावासा वाटला. तिने तो आपटला नाही. "वास्तुशांतीला जोडीने बसायचं असतं ना, आई?" तिने विचारलं.

"हो, म्हणजे काय."

"मग संदेशला दुसरी जोडीदार बघा. माझे बाबा सकाळी नसतील तर मी पाटावर बसणार नाही. गुरुजींना काय सांगायचं ते तुम्ही सांगा. माझ्या वडिलांच्या हाताला वास येतो म्हणून सांगा."

सासूबाईंचा पदर नाकावरून खाली आला. संदेश "अगं, अगं" करत राहिला. बरीच आदळआपट झाली, लग्नातलं जुनं मानपान निघालं, शेवटी सासूबाई म्हणाल्या, "येऊ देत बाई. मी कोण नको म्हणणार?" आणि लिफ्टकडे चालू लागल्या. जिंकल्याच्या तोऱ्यात विनिताने रात्रभर बाबांना फोन केले. त्यांनी एकही उचलला नाही.

सकाळी ती लिफ्टमधून बाहेर आली तर महिपत तिच्या बंद दारासमोर बसलेला. शेजारी बादली, तिच्यात सोडा, हातात नारळाच्या काथ्याची किशी. मुख्य दाराची चौकट तो बाहेरून घासत होता. तेल पुष्कळसं निघालंही होतं. सोड्याने त्याची बोटं सोलवटली होती.

"बाबा, कधी आलात? फोन का नाही उचलला?" तिने घाईने कुलूप काढलं, दार सताड उघडलं. "चला, आत या."

तो उठला, चौकटीच्या वरच्या बाजूला किशी लावली आणि तिथेच उभा राहिला. पाय उंबऱ्याच्या अलीकडे.

"आतली बाजू तू घास," तो म्हणाला. "भायेरची मी करतू."

"असं काय करता? मी भांडले काल सगळ्यांशी. रविवारी सकाळपासून यायचं तुम्ही. पूजेला. सगळं ठरलंय."

"येन की." त्याने बादलीत हात बुडवून किशी पिळली. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला उत्तर देता आलं असतं. "पावण्यांना भायेर खुर्च्या टाकतान ना? मी तथं बसंन."